आधी पार्किंगमधली वीज, मग गाडी

इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असा विषय निघाला की बोलणे लगेच रेंजवर जाते. एका चार्जमध्ये किती धावते, पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येईल का, घाटात दम तोडणार नाही ना. शोरूममधल्या माणसाकडेही याच प्रश्नांची उत्तरे तयार असतात. प्रश्न रास्त आहेत, पण खरेदीचा निर्णय त्यांच्यावर ठरू नये. शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला लांबचा प्रवास वर्षातून मोजक्या वेळा घडतो. बाकीचे सगळे दिवस गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथे वीज आहे की नाही यावर तिचा खर्च, बॅटरीचे आयुष्य आणि मालकाची झोप अवलंबून असते. म्हणून माझे म्हणणे असे की खरेदीचा नेहमीचा क्रम उलटा करावा. आधी पार्किंगमध्ये वीज आणायची सोय पक्की करावी आणि मगच गाडी निवडावी. ती सोय होणारच नसेल, तर सध्या इलेक्ट्रिक गाडीच्या वाटेला जाऊ नये.

यामागचा हिशेब समजायला फार विज्ञान लागत नाही. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात आणि एक किलोवॉट-तास म्हणजे लाइट बिलावरचे एक युनिट. टाटाची टियागो ईव्ही १९.२ आणि २४ युनिटांच्या बॅटऱ्यांसह आली, २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, एमजीच्या विंडसरची ३८ युनिटांची. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर जाते. म्हणजे चाळीस किलोमीटरच्या रोजच्या फिरण्याला सहा-सात युनिटे लागतात. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज मिळते. तेव्हा रोजचा खर्ची पडलेला साठा या साध्या सॉकेटवर अडीच तासांत भरून निघतो. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात हे खरे, पण रोज रात्री घरी येणारी गाडी रिकामी होतेच कुठे? भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॉटचा चार्जर उपयोगाचा आहे, मोठ्या बॅटरीच्या गाडीला तर तो हवाच, पण छोट्या गाडीच्या मालकाने तो नसल्यामुळे अडून बसायचे कारण नाही.

अडायचे ते वायरिंगच्या दर्जावर. मोबाइलचा चार्जर काही वॉट खेचतो, गिझर दोन-तीन किलोवॉट खेचतो पण दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र गिझरपेक्षा जास्त वीज सलग कित्येक तास खेचत राहते. जुन्या इमारतीत अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर लावलेले, सैल स्क्रूचे सॉकेट या भाराने आधी कोमट होते, मग प्लगच्या पिनांभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडते आणि एके दिवशी जळका वास येतो. यासाठी मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन घ्यावी. १५ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, मोठ्या चार्जरला किमान ६ आणि अंतर जास्त असल्यास १०. त्या लाइनला तिची स्वतःची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी असावी. कुठे वीज गळली आणि माणसाला झटका बसण्याची वेळ आली, तर प्रवाह तोडते ती ही आरसीसीबी, आणि खर्च वाचवायला पहिली कात्री बहुधा तिलाच लागते. अर्थिंग तर जपलेच पाहिजे. ते नीट नसेल तर बहुतेक गाड्या चार्जिंगच घेत नाहीत. पंख्या-दिव्यांनी वर्षानुवर्षे निमूट सहन केलेला इमारतीतला दोष गाडी पहिल्याच रात्री उघडा पाडते. आणि एक्स्टेन्शन बोर्ड कधीही, एका रात्रीपुरताही, वापरू नये. हे सगळे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि घराचा मंजूर भार कमी पडत असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा.

आता पैशांकडे येऊ, कारण बहुतेकांचा खरा रस तिथे असतो. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर चार्जिंगमधली गळती मिळवून साधारण १६० युनिटे लागतील. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. वहन आकार आणि वीज शुल्क धरून पहिली १०० युनिटे सहा-सात रुपयांनी पडतात, ३०० पर्यंतची बारा-तेरा रुपयांच्या घरात जातात आणि त्यापुढची सोळा रुपयांच्या आसपास. गाडीची युनिटे घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, त्यामुळे त्यांना नेहमी वरच्या टप्प्याचाच दर लागतो. विक्रीच्या जाहिरातींत हे कधी सांगितले जात नाही आणि ग्राहकाला ते पहिल्या बिलावरच कळते. घरचा वापर २०० युनिटांचा असेल तर गाडीमुळे बिलात सव्वादोन-अडीच हजारांची भर पडेल. याच अंतराला लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीला ६७ लिटर लागतील आणि लिटरला १०४ रुपये धरले तर सात हजारांना थोडेच कमी पडेल. अगदी वरच्या दरानेही महिन्याला साडेचार हजारांची बचत आहे. ती आणखी वाढवायचे दोन मार्ग नियमांतच आहेत. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ग्राहक मागणी करून वाहन चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी घेऊ शकतो. राज्य वीज नियामक आयोगाने अशा जोडण्यांसाठी वेगळी वर्गवारी ठेवली आहे आणि तिला घरगुती टप्प्यांची चढण लागत नाही. जोडणीचा स्थिर आकार मात्र द्यावा लागतो, म्हणून गाडी भरपूर फिरत असेल तरच तो मार्ग परवडतो. दुसरा मार्ग वेळेचा. सौर वीज मुबलक असते त्या सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या काळात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून युनिटमागे थोडी सवलत मिळू लागली आहे. घरून काम करणाऱ्याची किंवा निवृत्त माणसाची गाडी दुपारी उभीच असते. रात्रीच चार्जिंग करायचे ही सवय त्यांनी तपासून पाहावी.

घरी सोय नसलेल्याचा हिशेब वेगळाच होतो. सार्वजनिक जलद चार्जरवर कर धरून युनिटला साधारण वीस ते पंचवीस रुपये पडतात. बचत संपत नाही, पण महिन्याला हजार-बाराशे रुपयांनी घटते, आणि दर आठवड्याला चार्जर शोधणे, तो चालू असणे, रांग नसणे, पाऊण-एक तास तिथे थांबणे हे सगळे मागे लागते. पंपावर चार मिनिटांत मोकळे होणाऱ्या माणसाला ही गाडी लवकरच नकोशी होते आणि मग तो तिची नालस्ती करत फिरतो. शिवाय नेहमी जलद चार्जिंग केल्याने बॅटरीवर जो ताण येतो, तो घरच्या संथ चार्जिंगने येत नाही. सार्वजनिक चार्जर लांबच्या प्रवासासाठी हवेत आणि महामार्गांवर ते वाढतही आहेत. रोजच्या जगण्याचा आधार मात्र ते होऊ शकत नाहीत.

इथे महाराष्ट्राच्या शहरांतला खरा पेच येतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधला संभाव्य ग्राहक फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याची गाडी सोसायटीच्या जागेत उभी राहते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले की वाहन चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लोकांना आपल्या घराच्या सध्याच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येईल, असेही म्हटले होते. तरीही मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची तार सामाईक भिंतीवरून जाते आणि तिथे सोसायटीचा होकार लागतो. त्यात पार्किंगची मालकी हा आणखी नाजूक विषय. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळे विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. जागा कमी असल्या तर अनेक सोसायट्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकून त्या वाटतात. यंदा खांबाला लावलेला चार्जर पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या जागेत गेला तर काय, याचे उत्तर गाडी दारात आल्यावर शोधायला गेले की भांडण ठरलेले.

व्यवस्थापन समित्या नकार देतात तेव्हा त्यांच्याकडे दोन मुद्दे असतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यावेत असेच आहेत. पहिला भाराचा. पन्नास घरांनी सात-सात किलोवॉटचे चार्जर लावले तर साडेतीनशे किलोवॉट होतात, ट्रान्सफॉर्मर कसा टिकेल? ही बेरीज सगळ्या गाड्या एकाच क्षणी पूर्ण जोराने चार्ज होतील असे धरून केलेली असते. प्रत्येकीची रोजची गरज सहा-सात युनिटांची असेल, तर पन्नास गाड्यांना मिळून साडेतीनशे युनिटे लागतात आणि ती रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत पसरली की सरासरी भार ४५ किलोवॉटच्या आत राहतो. हे पसरवण्याचे काम भारवाटप करणारी यंत्रणा करते आणि ती बाजारात मिळते. म्हणजे धोका गाड्यांच्या संख्येपेक्षा बेशिस्तीत जास्त आहे. ज्याने त्याने आपापली तार ओढली तर समितीची भीती खरी ठरेल. दुसरा मुद्दा आगीचा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आणि तो मनातून जात नाही. त्या वर्षीच्या घटनांनंतर बॅटरीसुरक्षेची मानके केंद्राने कडक केली. अनेक गाड्यांत आता लिथियम आयर्न फॉस्फेट या तुलनेने स्थिर रसायनाच्या बॅटऱ्या असतात. पण बॅटरी पेटली तर ती विझवणे अवघड जाते, हे मान्य करूनच सोय करावी : चार्जर जिन्यापासून आणि गॅसच्या पाइपपासून लांब, मुख्य स्विच रखवालदाराच्या हाताशी, वायरिंगची दरवर्षी तपासणी. सरसकट बंदीने मात्र सुरक्षितता येत नाही. बंदीवर मात करायला लोक खिडकीतून वायर खाली सोडतात आणि सर्वांत धोकादायक चार्जिंग तेच असते.

कोळशाचा आक्षेपही टाळून चालणार नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून केलेली वीज पुण्याच्या गाडीत भरायची, यात पर्यावरणाचे काय भले झाले? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर भले होते, पण विक्रेते सांगतात तेवढे आज होत नाही. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १६० युनिटांचे, वहनातली गळती धरून, १३० किलोच्या आसपास होतात. ६७ लिटर पेट्रोल जाळल्यावर दीडशे किलोंच्या वर जातात, त्यात तेल उपसणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे मिळवायचे. फरक आहे, पण बॅटरी बनवतानाचा भार त्यातून वजा करावा लागतो. मात्र पेट्रोल गाडीचा धूर दहाव्या वर्षीही तितकाच राहतो आणि विजेत सूर्याचा-वाऱ्याचा वाटा जसा वाढेल तशी तीच जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वच्छ होत जाते. शिवाय शाळेसमोर, सिग्नलला, स्टिल्टमध्ये धूर सोडत नाही, हा फायदा आजच मिळतो.

मग ही गाडी कोणी घेऊ नये? महिन्याला चारशे किलोमीटरही न फिरणाऱ्याने बचतीसाठी तरी घेऊ नये. त्याची बचत महिना दोन हजारांच्या आसपास राहते आणि खरेदीच्या वेळी दिलेले जादा पैसे वसूल व्हायला अनेक वर्षे जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून, इलेक्ट्रिक गाडीवर तो ५ टक्केच असला तरी, किमतीची तुलना पेट्रोलकडे थोडी झुकली आहे. पुनर्विक्रीची किंमतही अजून स्थिरावलेली नाही. बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, तेव्हा दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यापेक्षा ती आठ-दहा वर्षे वापरणाऱ्याला हा व्यवहार जास्त मानवतो. बंगला किंवा रो-हाउस असलेल्यांना फारशी समजूत घालायची गरज नाही. छपरावरचे एक किलोवॉटचे सौर पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिटे देते, म्हणजे दीड किलोवॉटमध्ये गाडीची सोय होते, आणि सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजारांचे अनुदान आहे. या बाबतीत सांगली-सोलापूरचा घरमालक मुंबईकरापेक्षा कितीतरी चांगल्या जागी उभा आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या इमारतीत अजून एकही इलेक्ट्रिक गाडी नसेल, तर हीच वेळ आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर चार्जिंगचा विषय लेखी घालायला लावा. परवानाधारक ठेकेदाराकडून मीटर रूम आणि भार तपासून घ्या, पार्किंगच्या रांगांवरून एकच सामाईक केबल ट्रे टाकायचा ठराव करा, आणि जागा बदलली तर चार्जर कसा हलवायचा व खर्च कोणी सोसायचा हे त्याच ठरावात लिहून घ्या. ठरावाची प्रत हातात आली की मग शोरूमला बुकिंगची रक्कम भरा.