भाड्याची लेन्स आणि अजिंठ्याची सहल

सुट्टीत लेकी-जावई, मुलंबाळं घरी जमली की वेरूळ-अजिंठ्याचा बेत ठरतोच. हल्ली एखाद्या लेकीकडे, भाच्याकडे कॅमेराही असतो. मग भाचा म्हणतो, "मामी, शहरातून एका दिवसासाठी चांगली लेन्स भाड्यानं आणू या का?" भाडं थोडं असतं, पण अनामत मोठी असते. ही लेन्स कधी घ्यावी, कधी घेऊ नये आणि आपले पैसे अडकू नयेत म्हणून काय करावं, ते आज समजून घेऊ.

लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. कॅमेऱ्यासोबत जी साधी लेन्स मिळते, ती उन्हात छान काम करते. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळचं कैलास लेणं, सगळीकडे तिच्यावर भागतं. कैलास लेणं उंच आहे, एका फोटोत मावत नाही, हे खरं. पण त्यासाठी रुंद लेन्स भाड्यानं घेण्याची गरज नाही. लेण्याच्या बाजूनं डोंगरावर जाता येतं आणि वरून सगळं देऊळ दिसतं. कडेपासून मात्र लांब राहा, मुलांचा हात सोडू नका.

अजिंठ्याची गोष्ट वेगळी. तिथली चित्रं दीड हजार वर्षांहून जुनी आहेत आणि लेण्यांच्या आत अंधार असतो. प्रखर उजेडानं रंग विटतात, म्हणून तिथं फ्लॅशला बंदी आहे. मोबाइलचा फ्लॅशही आत जाण्याआधीच बंद करा. बिनॉय बहल या छायाचित्रकारांनी तर फ्लॅश न वापरता, मंद उजेडातच अजिंठ्याच्या चित्रांचे फोटो काढले आणि ते जगभर गाजले. म्हणजे प्रश्न उजेड वाढवण्याचा नाही, आहे तो उजेड जास्तीत जास्त आत घेण्याचा आहे.

लेन्समध्ये उजेड आत येण्यासाठी एक छिद्र असतं. ते किती मोठं उघडतं, हे लेन्सच्या कडेवर आकड्यात लिहिलेलं असतं. साध्या लेन्सवर बहुधा ३.५ ते ५.६ असतं, अंधारात चालणाऱ्या लेन्सवर १.८. आकडा लहान, तर छिद्र मोठं! हे उलटं वाटेल, पण भाकरी आठवा. भाकरीचे दोन वाटे केले तर प्रत्येकाला मोठा तुकडा येतो, पाच केले तर लहान. तसंच हे. ३.५ पेक्षा १.८ च्या लेन्समधून जवळजवळ चौपट उजेड आत येतो. म्हणून अजिंठ्यासाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची, १.८ आकड्याची लेन्स मागा. लेण्यात मागं सरकायला जागा कमी असते, म्हणून ३५ ची मिळाली तर उत्तम. लांबचं जवळ आणणारी मोठी, महागडी लेन्स इथं कामाची नाही.

आता भाड्याचं बोलू. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. आधी वार पाहा, मग लेन्स ठरवा. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर आहे. परत येईपर्यंत दुकान बंद झालं तर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागेल का, हे आधीच विचारा. समजा, भाडं रोजचं ५०० रुपये आहे. तर दोन दिवसांचे १,००० मोजून मगच हो म्हणा. अनामत गटाच्या पैशातून देणार असाल, तर ती गटाच्या वहीत लिहून ठेवा.

दुकानात कॅमेरा सोबत न्या. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला सहसा बसत नाही, कधी कधी त्याच कंपनीच्या जुन्या-नव्या कॅमेऱ्यातही फरक असतो. लेन्स लावून एक फोटो जवळचा, एक लांबचा काढा. मोबाइलची बॅटरी लावून काचेवर चरे, आत जाळ्यासारखी बुरशी आहे का, पाहा. असेल तर तसं पावतीवर लिहून घ्या. लेन्सचा नंबर, दोन्ही झाकणं, भाडं, अनामत, परत करण्याची तारीख आणि वेळ, सगळं पावतीवर यायला हवं. दुकानदारासमोरच मोबाइलवर लेन्सचा व्हिडिओ घ्या. मूळ आधार कार्ड ठेवून येऊ नका. छायाप्रत मागितली तर शेवटचे चार आकडेच दिसणारं आधार द्या.

कायदा काय सांगतो? भारतीय करार कायदा, १८७२ नुसार भाड्यानं घेतलेली वस्तू आपण स्वतःच्या वस्तूइतकीच जपायची. ती काळजी घेऊनही नुकसान झालं, आणि लिहिण्यात वेगळी अट नसेल, तर भरपाई आपल्यावर येत नाही. म्हणूनच सही करण्याआधी अटी कुणाकडून तरी वाचून घ्या. आपल्या चुकीनं वेळ टळली, तर पुढच्या नुकसानीला आपण जबाबदार ठरतो. त्यामुळं वेळ पाळा.

लेण्यात गेल्यावर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात ठेवा. कोपर अंगाशी टेकवा, श्वास रोखून हळूच बटण दाबा, म्हणजे फोटो हलत नाही. भिंतीला टेकू नका, चित्रांना हात लावू नका. तीन पायांच्या स्टँडला परवानगी लागते, तो नेऊ नका. वाऱ्यात, धुळीत लेन्स बदलू नका. काच पदरानं पुसू नका. पदरातल्या धुळीच्या कणानं चरा पडतो आणि अनामत तिथंच जाते. मऊ स्वच्छ कापड जवळ ठेवा.

लेन्स परत करताना पुन्हा व्हिडिओ घ्या आणि अनामत हातात पडल्यावरच पावती परत द्या.

आणि शेवटचं. सहलीत सगळ्यांचे फोटो निघतात, डबे बांधणारी, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी बाई मात्र एकाही फोटोत नसते. भाडं दिलंच आहे, तर भाच्याला सांगा, पहिला फोटो मामीचा काढ. लेण्याच्या दाराशी, जिथं बाहेरचा उजेड तोंडावर पडतो, तिथं उभ्या राहा. तिथं तुमचा फोटो सगळ्यात चांगला येईल.