औषधाचे उखळ-मुसळ

चीनमधील हानकालीन थडग्यांच्या शिल्पांत उखळात अमरत्वाचे औषध कुटणारा ससा दिसतो. त्यास ससजातकातील ससा मानणे आम्हास ग्राह्य वाटत नाही. जातकात सक्क चंद्रावर सशाची आकृती काढतो. तेथे ना औषध, ना उखळ. औषधासाठीचे उखळ-मुसळ पालि विनयपिटकात आहे, महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात. आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांस थुल्लकच्छु हा त्वचारोग झाला होता. अंगास चिकटलेली त्यांची चीवरे भिक्खू पाण्याने भिजवून सोडवीत. ते पाहून भगवंतांनी अशा रुग्णांसाठी औषधी चूर्णांची व त्यासोबत उखळ-मुसळाची अनुज्ञा दिली. (मुळ्यांसाठी पाटा-वरवंट्याची अनुज्ञा वेगळी आहे.) पुढे बारीक चूर्ण लागू लागले, तेव्हा चाळणीची आणि नंतर कापडी चाळणीचीही.