शिट्टीविना सामना

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला ठाऊक असते की खेळाची सुरुवात पहिल्या चेंडूने होत नाही, ती वादाने होते. चेंडू थेट भिंतीला लागला तर चौकार की आउट? एक टप्पा आउट धरायचा की नाही? जोशीकाकूंच्या अंगणात गेलेला चेंडू आणायचा कोणी? 'मारेल तो आणेल' यावर कसेबसे एकमत होते, तोवर कोणाचा तरी धाकटा भाऊ हट्ट धरून उभा असतो. त्याला लिंबूटिंबू ठरवले जाते, म्हणजे तो खेळणार, पण त्याच्या आउट होण्याची मोजदाद नाही. पंच नसतो, नियमपुस्तक नसते. तरी अंधार पडेपर्यंत खेळ चालतो, कारण नियम ज्यांनी पाळायचे त्यांनीच ते ठरवलेले असतात.

पोरांच्या या साध्या शहाणपणाशी थेट नाते सांगणारी फुटबॉलची एक पद्धत १९९६ मध्ये कोलंबियातील मेडेयिन शहरात जाणीवपूर्वक घडवली गेली. पंच नसलेल्या या फुटबॉलमध्ये सामन्याआधी आणि सामन्यानंतर चर्चा होते. हरलेला संघ जिंकलेल्या संघापेक्षा जास्त गुण मिळवू शकतो. हा खेळ पुढे अनेक देशांत पोहोचला. तो ज्या परिस्थितीत जन्मला ती मात्र खेळकर मुळीच नव्हती.

एका स्वयंगोलाची किंमत

२२ जून १९९४. अमेरिकेतील पासाडेना येथे विश्वचषकाचा कोलंबिया विरुद्ध अमेरिका सामना सुरू होता. बाजूने आलेला एक पास अडवताना कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला. कोलंबियाने सामना २-१ असा गमावला आणि संघाला पहिल्याच फेरीतून घरी परतावे लागले. दहा दिवसांनी, २ जुलैच्या पहाटे, मेडेयिनमध्ये एस्कोबारवर गोळ्या झाडण्यात आल्या. तो अवघा २७ वर्षांचा होता.

त्या काळचे मेडेयिन जगातील सर्वाधिक हिंसक शहरांपैकी एक होते. अमली पदार्थांच्या व्यापारावर उभी राहिलेली गुन्हेगारी साम्राज्ये, त्यांच्या पदरी असलेल्या किशोरवयीन मुलांच्या टोळ्या आणि डोंगरउतारावर वाढलेल्या गरीब वस्त्या, असा हा पट होता. आंद्रेसशी केवळ आडनावाने साधर्म्य असलेला कुख्यात पाब्लो एस्कोबार १९९३ च्या डिसेंबरात मारला गेला, तरी टोळ्या संपल्या नाहीत. वस्त्यांमध्ये 'अदृश्य सीमा' होत्या. नकाशावर त्या दिसत नसत, पण कोणत्या कोपऱ्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही, हे तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असे.

युर्गेन ग्रीसबेक हे जर्मन क्रीडा-अभ्यासक तेव्हा याच शहरात होते. फुटबॉलमुळे एखाद्याचा जीव जाऊ शकतो, तर त्याच फुटबॉलने जीव वाचवता येतील का, असा प्रश्न त्या खुनानंतर त्यांच्यापुढे उभा राहिला. एक गोष्ट त्यांना समोर दिसत होती. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतील मुलांनाही फुटबॉल सारखाच प्रिय होता. त्यांना एका मैदानावर आणणे शक्य होते. मात्र नेहमीच्या नियमांनी खेळवले असते तर पहिल्याच धक्काबुक्कीत मैदानाचे रणांगण झाले असते. म्हणून स्थानिक सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'फुत्बोल पोर ला पास', म्हणजे 'शांततेसाठी फुटबॉल', हा उपक्रम सुरू केला आणि नियमांनाच हात घातला.

तीन अर्धांचा खेळ

नेहमीच्या फुटबॉलला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग असतात. मेडेयिनमधून पुढे विकसित झालेल्या, आज 'फुटबॉल-थ्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मात्र 'तीन अर्ध' असतात. हे गणितात बसत नाही, मैदानावर मात्र चपखल बसते.

पहिल्या अर्धात चेंडू बाजूलाच असतो. दोन्ही संघ गोल करून बसतात आणि नियम ठरवतात. फाउल कशाला म्हणायचे, बदली खेळाडू कधी उतरवायचा, गोल झाल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा का, शिवी दिली तर काय, हे सारे बोलून ठरते. दुसरा अर्ध म्हणजे प्रत्यक्ष सामना. त्यात शिट्टी नसते. फाउल झाला की ज्याच्याकडून झाला त्याने तो कबूल करायचा. वाद झालाच तर खेळ थांबवून खेळाडूंनीच तो मिटवायचा. तिसऱ्या अर्धात सगळे पुन्हा गोलात बसतात आणि आधी ठरलेले नियम कोणी किती पाळले, याचा हिशेब मांडतात. त्यावरून दोन्ही संघ एकमेकांना सचोटीचे गुण देतात.

या पद्धतीची खरी मेख गुणांच्या हिशेबात आहे. एक प्रचलित रीत अशी: जिंकणाऱ्याला तीन गुण, बरोबरी झाल्यास दोन, हरणाऱ्याला एक, शिवाय सचोटीसाठी शून्य ते तीन गुण. समजा, एका संघाने धसमुसळेपणा करून सामना जिंकला आणि सचोटीत त्याला शून्य मिळाले. त्याची बेरीज झाली तीन. हरलेला संघ नीट खेळला आणि त्याला सचोटीचे तिन्ही गुण मिळाले, तर त्याची बेरीज चार. म्हणजे गोलफलकावर हरलेला संघ गुणतक्त्यावर वर जातो. 'चांगले वागा' हा उपदेश मुलांना नवा नसतो आणि तो ऐकून सोडून देण्याची त्यांना सवयही असते. तक्त्यातले स्थान मात्र त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय असते.

पंच नसला तरी मैदानाशेजारी एक माणूस असतोच. त्याला मध्यस्थ म्हणतात. बहुधा तो त्याच वस्तीतला, आधी हाच खेळ खेळलेला तरुण किंवा तरुणी असते. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो पाहतो, टिपून ठेवतो आणि तिसऱ्या अर्धात बोलणे अडले की पुढे नेतो. दोन्ही संघांनी संगनमत करून एकमेकांना पुरे गुण वाटले तर काय, ही शंका इथे रास्त आहे. तिचे उत्तर मध्यस्थाच्या कसबातच आहे. 'त्या धक्क्याबद्दल कोणीच काही बोलले नाही,' एवढे त्याने शांतपणे म्हटले की गोलातील चुळबुळ बरेच काही सांगून जाते.

पहिला गोल मुलीचा

मेडेयिनमधील आणखी एक नियम त्याहून धाडसी होता. संघ मुलामुलींचे मिश्र असले पाहिजेत आणि पहिला गोल मुलीनेच केला पाहिजे. तोपर्यंत मुलांचे गोल धरले जाणार नाहीत.

या नियमाने काय साधते ते पाहण्यासारखे आहे. संघात मुली असाव्यात, एवढाच नियम असता तर त्या बाजूला उभ्या राहिल्या असत्या आणि मुलांनी आपापसांत चेंडू खेळवला असता. आपल्या गल्लीतल्या लिंबूटिंबूसारखी त्यांची गत झाली असती. पहिला गोल मुलीचा म्हटल्यावर तिच्याकडे चेंडू द्यावाच लागतो. नुसता देऊन भागत नाही, ती मोकळ्या जागेत आहे का ते पाहावे लागते आणि तिला खेळता यावे म्हणून सरावातही सामावून घ्यावे लागते. मुलींना मैदानावर आणण्यामागे दुसराही हेतू होता. टोळीयुद्ध हा पुरुषी मामला होता. मुलींच्या उपस्थितीने मैदानावरची भाषा आणि देहबोली निवळेल, अशी अपेक्षा होती.

ग्रीसबेक यांनी २००२ मध्ये बर्लिन येथे 'स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड' ही संस्था स्थापन केली आणि जगभरातील अशा उपक्रमांना एकत्र गुंफले. २०१० च्या विश्वचषकाच्या वेळी दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत ३२ संघांचा महोत्सव भरला. एकीकडे जगातले नावाजलेले पंच विश्वचषकाचे सामने सांभाळत होते, आणि त्याच दिवसांत इथे मुलामुलींचे मिश्र संघ पंचाविना खेळत होते. २०१७ मध्ये याच जाळ्यातून 'कॉमन गोल' ही मोहीम निघाली. स्पेनचा खुआन माता हा आपल्या वेतनाचा एक टक्का या कामासाठी देणारा तिचा पहिला खेळाडू ठरला.

मथारे: सफाईचे सहा गुण

नियम बदलून माणसांचे वागणे बदलण्याचा प्रयोग मेडेयिनच्या नऊ वर्षे आधी आफ्रिकेत सुरू झाला होता. केनियाची राजधानी नैरोबी येथे मथारे ही पत्र्यांच्या घरांची अतिशय दाट वस्ती आहे. तिथली मुले प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून चेंडू बनवतात. त्या चेंडूला 'जुआला' म्हणतात. १९८७ मध्ये बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थांनी अशा मुलांचा खेळ पाहिला. पर्यावरण आणि विकास हे त्यांच्या कामाचे विषय. त्यांनी मुलांपुढे सौदा ठेवला: तुम्ही वस्तीसाठी काही करा, मी तुमच्या फुटबॉलसाठी करतो. त्यातून 'मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन' उभी राहिली.

मथारेत नगरपालिकेची कचरागाडी येत नसे. कचऱ्याने गटारे तुंबत, पाणी साचे आणि रोगराई पसरे. संस्थेने सफाईला थेट लीगच्या तक्त्यात जागा दिली. सामना जिंकल्याचे तीन गुण, तर ठरलेली सफाई पूर्ण केल्याचे सहा. गोल करण्यात कितीही तरबेज असला, तरी हातात फावडे न घेणारा संघ अव्वल येऊ शकत नव्हता. १९९२ मध्ये या मुलांच्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल ५००' सन्मान मिळाला. त्याच सुमारास संस्थेत मुलींचे फुटबॉलही सुरू झाले. धाकट्या भावंडांना सांभाळायचे कोणी, स्वयंपाकपाणी कोण करणार, हे आईबापांचे प्रश्न आपल्याही ओळखीचे आहेत. कार्यकर्त्यांना त्यासाठी घरोघर बोलावे लागले.

इथे पिवळ्या आणि लाल कार्डांबरोबर हिरवे कार्डही असते. खिलाडूवृत्तीने खेळणाऱ्याला ते दिले जाते. पंच मुलांना दटावतो तसा त्यांची पाठही थोपटतो. प्रशिक्षण देणे, सामने लावणे, सफाई करणे अशा कामांचे गुण साठत जातात आणि त्यांतून शाळेची फी भरण्याची शिष्यवृत्ती मिळू शकते. संस्थेचा कारभार प्रामुख्याने मुले आणि तरुणच निवडणुकांतून आलेल्या समित्यांद्वारे चालवतात. या पायावर उभ्या राहिलेल्या 'मथारे युनायटेड' या व्यावसायिक संघाने १९९८ मध्ये केनियाचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि २००८ मध्ये देशाच्या प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवले.

नागपूरची बादली

मथारेत पिशव्यांचा चेंडू होता, नागपुरात बादली होती. २००१ मध्ये पावसात काही झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या प्लास्टिकच्या बादलीला लाथा मारत फुटबॉल खेळताना विजय बारसे यांना दिसली. ते हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. मुले खेळात रंगली आहेत तोवर ती इतर कशाच्या नादाला लागत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला आणि झोपडपट्टीतील संघांची स्पर्धा भरवली. 'झोपडपट्टी फुटबॉल' असे तिचे सरळ नाव होते. त्यातून पुढे आलेले 'स्लम सॉकर' आज महाराष्ट्राबाहेरही काम करते.

'होमलेस वर्ल्ड कप' या बेघरांच्या विश्वचषकासाठी भारताचे संघ याच संस्थेने घडवले. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झालेल्या या स्पर्धेचे मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, एका संघाचे चारच खेळाडू मैदानात असतात आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांत संपतो. तिचा एक नियम विचार करण्याजोगा आहे: कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच त्यात उतरू शकतो. दरवर्षी बेघरांच्या स्पर्धेत खेळत राहणे हे कोणाचे ध्येय होऊ नये, अशी त्यामागची भूमिका आहे.

मेडेयिनचा धागा नागपूरशी जुळतो तो इथे. स्लम सॉकर हे स्ट्रीटफुटबॉलवर्ल्डच्या जाळ्यात सामील झाले आणि फुटबॉल-थ्रीची पद्धत इथल्या वस्त्यांत आली. त्याखेरीज मुलींसाठी 'शक्ती गर्ल्स' हा उपक्रम आहे, आणि कर्णबधिर मुलांनाही मैदानावर आणले जाते. २०१६ मध्ये फिफाचा 'डायव्हर्सिटी' पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. बारसे यांच्या कार्यावर आधारलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि अमिताभ बच्चन यांनी त्यात प्रशिक्षकाची भूमिका केल्याने ही कथा घरोघर पोहोचली.

चेंडूच्या आवाक्याबाहेरचे

या कथा ऐकून फुटबॉलला जादूची कांडी मानणे सोपे आहे, पण तसे मानणे चुकीचे ठरेल. मेडेयिनमधील खुनांचे प्रमाण पुढील दशकांत खूपच खाली आले हे खरे, मात्र त्याचे श्रेय एका खेळाला देता येत नाही. टोळ्यांवरील सरकारी कारवाया, सशस्त्र गटांचे निःशस्त्रीकरण, २००४ पासून डोंगरावरच्या वस्त्यांना शहराशी जोडणारी पाळण्यांची रोपवे, गरीब वस्त्यांत बांधलेली ग्रंथालये आणि शाळा, अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा आहे. चेंडू घर बांधून देत नाही आणि नोकरीही लावत नाही. खेळ स्वभावतः सज्जनही नसतो. एस्कोबारचा जीव गेला त्याला निमित्त फुटबॉलचेच होते.

म्हणून मुलांना नुसते मैदान आणि चेंडू देऊन भागत नाही. तक्त्यात गुण कशाचे लावायचे, हा निर्णय मोलाचा ठरतो. मथारेने तो कचऱ्यासाठी घेतला, मेडेयिनने मुलींसाठी आणि कबुलीसाठी. जिथे गुण फक्त गोलांचे असतात तिथे मुले फक्त गोल करायला शिकतात.

नागपूरच्या एखाद्या मैदानावर तिसरा अर्ध सुरू असताना बाहेरून पाहणाऱ्याला विशेष काही दिसत नाही. धुळीत मांडी घालून मुले-मुली बसलेली असतात, चेंडू मध्ये पडलेला असतो. मग कोणीतरी हात वर करते आणि जो फाउल कोणालाच दिसला नव्हता, तो आपण केल्याचे सांगते. त्याने संघाचा गुण जाऊ शकतो, हे त्या मुलाला ठाऊक असते. नियम ठरवताना तोही त्या गोलात बसलेला होता.