नऊशे ब्याण्णव तुकडे

मे महिन्यातल्या एका रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, वय अठ्ठ्याहत्तर. इकडचे-तिकडचे दोन शब्द झाल्यावर त्याने विचारले, "आईच्या त्या टेप आहेत ना रे माळ्यावर?"

होत्या. १९९५ च्या दिवाळीत दादा आला होता. तळहातावर मावेल एवढा व्हिडिओ कॅमेरा घेऊन चार दिवस तो आईच्या मागे मागे फिरला आणि गुलमंडीवरच्या आमच्या जुन्या घरात त्याने पाच टेप भरल्या. आई १९९९ मध्ये गेली. पुढे घरही विकले. सिडकोत राहायला आलो तेव्हा टेपचा डबा बरोबर आला आणि जो माळ्यावर गेला तो तिथेच राहिला.

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे," दादा म्हणाला. "काचबिंदू फार पुढं गेलाय. डॉक्टर हमी देत नाहीत. त्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणतो. गाडीची गोष्ट तर हवीच."

गाडीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. साल १९४८. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या धास्तीने कितीतरी कुटुंबे हद्द ओलांडून नगरकडे, खानदेशाकडे निघून गेली होती. सप्टेंबरातली पोलीस कारवाई अजून व्हायची होती. वर्षाच्या दादाला पदराखाली घेऊन आई एका रात्री बैलगाडीने निघाली. ती गोष्ट ती तिसऱ्या टेपमध्ये सांगते, तांदूळ निवडत, मान वर न करता.

टेपवर बुरशीचे ठिपके होते. गावातल्या एका स्टुडिओवाल्याने त्या हलक्या हाताने पुसून, जुने यंत्र शोधून, संगणकावर उतरवून दिल्या. मीच त्याला म्हणालो की पाचही एकात जोडून द्या. पावणेपाच तासांची एक फाइल झाली. आकार ६२ जीबी. "काका, दाबून दोन जीबीत बसवतो," तो म्हणाला. मी नको म्हटले. दाबताना बारीकसारीक आवाज पहिल्यांदा बळी जातात असे ऐकले होते. आणि गाडीची गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मागे कुकरची शिट्टी होते, हे मला आठवत होते.

पेनड्राइव्ह कुरिअरने का नाही धाडला, असे पुढे बऱ्याच जणांनी विचारले. धाडता आला असता. पण नांदेडच्या अक्कालाही तेच बघायचे होते, पुण्याच्या भाच्यालाही. आणि आधीच एका डब्यात तीस वर्षे अडकून पडलेली गोष्ट पुन्हा एका डबीत घालून रवाना करायची, हे मनाला पटेना. एक ठिकाण हवे होते, जिथून सगळे बघतील.

म्हणून पहिल्या रात्री नऊ वाजता, मोठ्या फायली पाठवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर ती चढवायला लावली. आमच्या घरच्या नेटचे असे आहे की खाली उतरवायला ते धावते आणि वर चढवायला चालते. सेकंदाला अडीच एमबी. ६२ जीबीला सात तास लागणार, हा हिशेब मी आधीच कागदावर मांडला होता. पहाटे तीन चाळीसला वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. पंखा इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता. तेव्हा आकडा चौऱ्याण्णव टक्क्यांवर होता. वीज आल्यावर पाहतो तर शून्य!

सकाळी मुलीला फोन केला. ती पुण्यात हिंजवडीला असल्याच कामात आहे. ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढेच म्हणाली, "बाबा, एवढी मोठी वस्तू कुणी एका दमात पाठवतं का? तुकड्यांनी पाठवायची."

आणि मग तिने जे समजावले ते मला, खोटे वाटेल, पण पाच मिनिटांत समजले. ते मी बँकेत सदतीस वर्षे करत आलो होतो.

मी १९८२ साली नोकरीला लागलो. तालुक्याच्या शाखेत चलनपेटीतून रोकड यायची. आता पाच लाख रुपये आले म्हणजे काही कुणी पाच लाखांचा ढीग ओतत नाही. शंभर नोटांचे एक पाकीट, दहा पाकिटांचे एक बंडल. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर मोजणाऱ्याची सही आणि तारीख. चार जण चार टेबलांवर बसून मोजणार. कुणाचे आधी होईल, कुणाचे मागून. एखाद्या पाकिटात नोट कमी भरली तर ते पाकीट उघडायचे. सगळी पेटी परत पाठवत नाहीत.

संगणकाच्या जगात ही रीत अमेझॉन कंपनीने २०१० च्या नोव्हेंबरात आपल्या साठवणीला जोडली. ती साठवण, तिचे नाव एस-थ्री, २००६ च्या मार्चपासून चालू होती. मल्टिपार्ट अपलोड असे तिला म्हणतात. पुढे इतर अनेक कंपन्यांनी तीच उचलली. या साठवणीला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात आणि तिचा स्वभाव आपल्या घरच्या संगणकासारखा नाही. घरच्या फाइलमध्ये मधलेच एक पान बदलता येते. इथे वस्तू अख्खी आत जाते. बदलायची तर अख्खी बदला. रेल्वे स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखे. बिल्ला दाखवा, पेटी घ्या; आत बसून पेटी आवरू म्हणाल तर नाही. म्हणूनच अर्धवट वस्तू तिथे ठेवून घेत नाहीत, आणि म्हणूनच तुकड्यांसाठी वेगळी तजवीज करावी लागली.

तजवीज अशी. आधी कळवायचे की मी एक मोठी वस्तू पाठवतो आहे. तिकडून एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली तुकडे पाठवायचे, प्रत्येकावर आपला नंबर घालून. शेवटचा सोडून कुठलाही तुकडा पाच एमबीपेक्षा लहान नको आणि एकूण तुकडे दहा हजारांवर नकोत. एका वेळी चार पाठवा, उलटेसुलटे पाठवा, चालते. प्रत्येक तुकडा पोहोचला की त्याचा अंगठा म्हणावा असा एक लांबलचक आकडा परत येतो. तो जपून ठेवायचा. सगळे पोहोचले की नंबर आणि अंगठे यांची यादी देऊन सांगायचे, आता जोडा. तेव्हा कुठे ती वस्तू जन्माला येते.

दहा हजारांची अट कळल्यावर मी लगेच भागाकार केला. ६२ जीबीचे पाच-पाच एमबीचे तुकडे पाडले तर साडेबारा हजारांच्या वर जातात, बसणार नाही. आठ-आठचे पाडले तर ७,९३६. "तयार आज्ञावली आठाचेच पाडते," मुलगी म्हणाली आणि तिने फोनवर एक ओळ लिहून दिली. गोदाम कुठल्या कंपनीचे घेतले ते सांगत नाही, रीत बहुतेक सगळीकडे सारखीच आहे.

दुसऱ्या रात्री ती ओळ टाकून झोपलो. या वेळी राउटर इन्व्हर्टरवर घेतला होता. पहाटे दोनच्या सुमारास संगणकाने स्वतःच्या मनाने स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केले. ३९ जीबी गेले होते. सकाळी तीच ओळ पुन्हा टाकली तर मोजणी एकपासून! तुकडे पाडणारी आज्ञावली होती, पण काल कुठवर आलो होतो हे ती विसरली होती. असा रोखपाल आमच्या शाखेत टिकला नसता.

मग मुलीने त्या रविवारी बसून चाळीसेक ओळींचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. तुकडे ६४ एमबीचे, म्हणजे एकूण ९९२. सुरू होताच तो आधी गोदामाला विचारायचा की कोणकोणते नंबर पोहोचलेत, आणि राहिलेलेच पाठवायचा. तिसऱ्या रात्री मी जागाच राहिलो. पडद्यावर आकडे पुढे सरकत होते. ४१७ वर मी मुद्दाम राउटरची पिन काढली. (बायको म्हणाली, तुमचं हे काही खरं नाही.) पाच मिनिटांनी पिन लावली. ४१८. त्या क्षणी मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकलो नाही, कारण ती परत झोपली होती.

पहाटे पाचला ९९२ झाले. मी लॅपटॉपचे झाकण मिटले आणि दादाला कळवले, पोहोचले. दुवाही पाठवला. तिकडून तासाभराने उत्तर आले: अशी वस्तूच नाही म्हणतात.

माझ्या पोटात गोळा आला. सगळे तुकडे तिथे होते, एकूण एक. पण ९९२ नंतर त्या कार्यक्रमाने एक प्रश्न विचारला होता, "पूर्ण करायचे का?" आणि त्याला हो म्हणायच्या आत मी झाकण मिटले होते. दिवसभराची सगळी व्हाउचर्स बरोबर, रोकड बरोबर, आणि डे-बुकवर अधिकाऱ्याची सही नाही! सही नाही तर दिवस बंद झालेला नाही. झाकण उघडले, हो म्हटले. थोड्या वेळाने फाइल यादीत दिसली. तिच्यापुढे तिचा अंगठा होता: अक्षर-आकड्यांची माळ, मग एक आडवी रेघ, मग ९९२. सगळ्या तुकड्यांच्या अंगठ्यांचा मिळून एक अंगठा करतात आणि शेवटी तुकड्यांची संख्या लिहितात. मुलीने घरच्या फाइलचा अंगठा त्याच पद्धतीने काढून ताडून पाहिला. जुळला.

दादाने ऑपरेशनच्या आधी सलग दोन दिवस बसून पाचही टेप पाहिल्या.

जूनचे बिल जुलैत आले. रक्कम अडीचशे रुपयांच्या आतली, कुणीही न वाचता भरली असती. मी वाचली. भाडे लावले होते १०१ जीबीचे. यादीत तर ६२ जीबीची एकच फाइल. माझ्या पहिल्या मॅनेजरांनी पाच पैशांच्या फरकासाठी आम्हाला रात्री अकरापर्यंत बसवले होते. इथे ३९ जीबीचा फरक होता. आकडा ओळखीचा वाटला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या रात्रीचे ते अर्धवट तुकडे! ते कुठे गेले नव्हते. जोडा असे कुणी सांगितले नव्हते, टाकून द्या असेही नाही. यादीत दिसत नाहीत, कारण ती वस्तू अजून झालेलीच नाही. पण जागा अडवून आहेत, भाडे चालू आहे.

बँकेतल्या माणसाला याचे नाव सांगावे लागत नाही. हे उचंत खाते. ज्या नोंदीचे पुढे काय करायचे ते ठरलेले नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. तात्पुरती म्हणजे किती? एका शाखेत मी रुजू झालो तेव्हा तिथे सात वर्षांपूर्वीची नोंद होती. टाकणारा निवृत्त झाला होता. मुलगी म्हणाली, मोठमोठ्या कंपन्यांतही असे तुकडे साचतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. अर्धवट अपलोडांची यादी वेगळी मागावी लागते. तिने ती मागितली, तो जुना क्रमांक सापडला, रद्द केला. आणि सात दिवसांत पुरे न झालेले तुकडे आपोआप काढून टाकावेत असा नियमही घालून दिला. तो नियम आधीपासूनच उपलब्ध असतो, कुणीतरी घालावा लागतो इतकेच. वाचकहो, तुमच्या घरातले कुणी या कामात असेल तर त्याला जेवताना एवढे विचाराच.

बायकोचा एक प्रश्न राहिला होता: हे सगळे करून आईचा आवाज आता आहे कुठे? क्लाउड म्हटले तरी आकाशात नाही. आमच्या बाबतीत तो मुंबईतल्या इमारतींत आहे. अमेझॉननेही आपली मुंबईची साठवण २०१६ च्या जूनमध्ये सुरू केली. अशा साठवणीत एकाच वस्तूची राखण वेगवेगळ्या इमारतींत होते. एस-थ्रीच्या नेहमीच्या प्रकारात निदान तीन वेगळ्या ठिकाणी. नष्ट न होण्याची तिची आखलेली खात्री सांगतात ती ९९.९९९९९९९९९ टक्के, मोजून अकरा वेळा नऊ. आपल्या जिल्ह्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होता. त्या विलायतेला गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या कित्येक १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या. गिलची कबर भुसावळला आहे. रेल्वेने जाताना मला त्याची दर वेळी आठवण येते.

परवा दादाचा फोन आला. ऑपरेशन झाले, एका डोळ्याने थोडे दिसते. टेप आता तो बघत नाही, कानाला हेडफोन लावून ऐकतो.

"तिसऱ्या टेपमध्ये," तो म्हणाला, "आई गाडीवानाचं नाव सांगते, ऐकलंस का कधी? बरोब्बर तेव्हाच कुकरची शिट्टी होते. मी वीस वेळा ऐकलं. 'ल' स्पष्ट येतो. पुढचं जातं. लक्ष्मण म्हणते की लतीफ?"

मी अक्काला फोन लावला. तिलाही ठाऊक नव्हते. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण त्यात तो नेहमी गाडीवानच असायचा. रात्री बायको झोपल्यावर मी हेडफोन लावले आणि आवाज वाढवून तिसरी टेप सुरू केली.