सायकलवरून दिसलेला जिल्हा

बँकेच्या नोकरीत तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यानं मी जीपमधून कितीदा तरी गेलो. पण हे तीस-पस्तीस किलोमीटर म्हणजे काय, ते कळलं साठी उलटल्यावर. यंदा माघात मुलगा, सून आणि अकरा वर्षांच्या नातीसोबत सायकलवरून जाताना. बालाघाटचे चढ जीपला जाणवत नाहीत, पोटऱ्या मात्र प्रत्येकाची नोंद ठेवतात.

अर्ध्या वाटेत बाटल्या संपल्या. ज्वारीच्या रानात एका बाईनं घागर पुढे केली. "प्या बाबा पोटभर, पर सांडू नगा. हिरीनं तळ गाठलाय." विहिरीच्या कर्जाचे शेकडो अर्ज मी वाचले होते, पण त्या एका वाक्यात ते सारे आले.

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बंधारा बांधला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हाही महाल आतून कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धबधबे कोरडेच होते.

"चारशे वर्षांपूर्वी यांना पाणी अडवता आलं, मग त्या आजींची विहीर कोरडी का?" नातीनं विचारलं.

मुलांना जिल्हा एकदा सायकलवरून दाखवावा. असले प्रश्न जीपमध्ये बसून पडत नाहीत.