विहीर, तळे आणि कबर : उपवासकाळातील तीन शुभवर्तमाने

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आपण उपवासकाळात प्रवेश करतो. शुक्रवारची क्रूसाची वाट, मांसाहाराचा त्याग, दानधर्म आणि पापनिवेदन या गोष्टी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या जात आहेत. परंतु या काळातील रविवारच्या मिस्सेत वाचली जाणारी शुभवर्तमाने आपण तितक्याच आस्थेने ऐकतो का? आमच्यापुरते प्रामाणिकपणे सांगायचे, तर अनेक वर्षे आम्ही ती ऐकली नाहीत. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारची शुभवर्तमाने बरीच लांब असतात. ती उभ्याने ऐकताना आम्ही एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत असू आणि वाचन कधी संपते याची वाट पाहत असू. ही तीन शुभवर्तमाने कशासाठी निवडली आहेत हे समजल्यावर मात्र आमचे ऐकणे बदलले.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक संविधान घोषित केले. भाविकांसाठी पवित्र शास्त्राचे भांडार अधिक उदारपणे खुले करावे, असा आदेश त्यात होता. त्यानुसार १९६९ साली मिस्सेतील वाचनांचा नवा क्रम सिद्ध झाला आणि रविवारची वाचने 'अ', 'ब' व 'क' अशा तीन वर्षांच्या चक्रात मांडली गेली. २०२६ हे 'अ' वर्ष, त्यानंतरचे २०२९. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी अरण्यातील मोहाचा आणि दुसऱ्या रविवारी प्रभूच्या रूपांतराचा प्रसंग दरवर्षी ऐकायला मिळतो. 'अ' वर्षात त्यापुढील तीन रविवार संत योहानाचे असतात : शोमरोनी स्त्री (अध्याय ४), जन्मांध मनुष्य (अध्याय ९) आणि लाजर (अध्याय ११).

प्राचीन ख्रिस्तसभेत ईस्टरच्या जागरणविधीत स्नानसंस्कार घेणाऱ्या प्रौढांच्या अंतिम तयारीशी या उताऱ्यांचे नाते आहे. म्हणूनच 'ब' आणि 'क' वर्षांतही ते वाचण्याची मुभा आहे. उपवासकाळाला दोन अंगे आहेत, स्नानसंस्काराचे स्मरण आणि प्रायश्चित्त, असे त्याच संविधानात म्हटले आहे. आपण प्रायश्चित्त तेवढे लक्षात ठेवले आणि स्नानसंस्कार विसरलो, असे आम्हांला वाटते. आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणी झाला. श्रद्धेविषयीच्या प्रश्नांना आपल्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी उत्तरे दिली. ईस्टरच्या रात्री हातात पेटती मेणबत्ती घेऊन ती उत्तरे आपल्याला स्वतः द्यायची असतात. ही तीन शुभवर्तमाने त्या उत्तराची तयारी आहेत.

पहिला प्रसंग सूखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर घडतो. ती विहीर आजच्या नाब्लुस शहराजवळ असून तिच्यावर चर्च उभे आहे. वेळ भर दुपारची. आमच्या लहानपणी वाडीतल्या विहिरीवर पहाटे आणि सायंकाळी रहाटाचा आवाज चालू असे. दुपारच्या उन्हात तिथे सहसा कोणी फिरकत नसे. त्यामुळे घागर घेऊन एकटीच आलेली ती स्त्री आम्हांला ओळखीची वाटते. तिने ही वेळ का निवडली, हे शुभवर्तमान सांगत नाही. तिला पाच पती होते, एवढे येशू सांगतो. पण तिची निर्भर्त्सना करीत नाही. उलट, तहानलेला तोच तिच्याकडे पाणी मागतो. बोलणे वाढत जाते तशी तिची ओळखही वाढते : आधी तो तिच्यासाठी एक यहुदी, मग संदेष्टा आणि अखेर कदाचित हाच ख्रिस्त. घागर तिथेच ठेवून ती गावात धावते. आम्ही मात्र चर्चला जाताना आपापल्या घागरी सोबत घेऊन जातो आणि तशाच परत आणतो. कोणती घागर विहिरीपाशी ठेवून यायची, हा प्रश्न आम्ही त्या रविवारी स्वतःला विचारतो.

दुसरा प्रसंग यरुशलेमातला. येशू जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात धुवायला पाठवतो. त्या काळच्या या तळ्याच्या पायऱ्या २००४ साली उत्खननात सापडल्या. दृष्टी मिळाली, पण त्याबरोबर चौकशी सुरू झाली, कारण तो शब्बाथ होता. परुशी त्याच्या आईवडिलांना बोलावतात. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने ते म्हणतात की तो प्रौढ आहे, त्यालाच विचारा. हे शब्द आम्हांला टोचतात. नोकरीत असताना एका निरपराध सहकाऱ्यावर ठपका आला. सत्य आम्हांला ठाऊक होते. तरी आम्हीही, त्यालाच विचारा, असे म्हणून बाजूला झालो. त्या मुलाने मात्र बहिष्कार सोसला. बाहेर काढल्यावरच येशू त्याला शोधत आला आणि मानवपुत्रावर विश्वास ठेवतोस का, असे त्याने विचारले. श्रद्धेची कबुली देण्याची किंमत असते आणि ती चर्चच्या आवाराबाहेर मोजावी लागते, हे या उताऱ्याने आम्हांला शिकवले.

तिसरा प्रसंग यरुशलेमपासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या बेथानीचा. त्या गावाच्या आजच्या अरबी नावात लाजराचेच नाव आहे. मित्र आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच थांबतो. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. आपण इथे असता तर भाऊ मेला नसता, असे मार्था त्याला सरळ ऐकवते. आमचा धाकटा भाऊ गेला, तेव्हा आमच्या ओठांवर हीच तक्रार होती. देवाकडे तक्रार करणे म्हणजे अश्रद्धा, असे समजून आम्ही कित्येक महिने प्रार्थनाच बंद ठेवली. मार्थेने तसे केले नाही. ती तक्रार घेऊन घराबाहेर पडली आणि प्रभूला वाटेतच भेटली. येशूने तिला दटावले नाही. मीच पुनरुत्थान आणि जीवन आहे, असे सांगून यावर तुझा विश्वास आहे का, असे त्याने तिला विचारले. तिने होकार दिला, तेव्हा कबरेवरची धोंड अजून तशीच होती. त्यानंतर येशू स्वतःही रडला. आमचा भाऊ परत आला नाही. पण आमच्या दुःखात प्रभू दूर उभा नव्हता, हे आम्हांला त्या अश्रूंनी सांगितले आणि आमची प्रार्थना पुन्हा सुरू झाली.

या उपवासकाळात शनिवारी रात्री, कुटुंबाच्या प्रार्थनेनंतर, दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान घरात मोठ्याने वाचावे, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक वेळी एकाने वाचावे. इतरांनी, मला यात कोणाची जागा घ्यावीशी वाटते, एवढेच सांगावे. उपदेशाची गरज नाही. लहान मुलांनाही बोलू द्यावे.

ईस्टरच्या रात्री मंदिरातील दिवे मालवले जातील आणि पास्काच्या मेणबत्तीची ज्योत हातोहात पुढे सरकेल. मग धर्मगुरू आपल्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारतील. त्या वेळी सवयीने उच्चारलेला होकार नव्हे, तर विहिरीवर, तळ्याकाठी आणि कबरेपाशी पारखून घेतलेला होकार आपल्या मुखातून यावा, अशी कृपा प्रभू येशू आपणा सर्वांना देवो.