चाचणी-बिल्ड, वैयक्तिक

संगणकाच्या आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) केलेला बदल सामाईक संग्रहात दाखल करण्यापूर्वी, तो केवळ स्वतःसाठी तपासून घेण्याकरिता आज्ञावलीकार मध्यवर्ती सर्व्हरकडून जी स्वतंत्र बांधणी करवून घेतो, तिला वैयक्तिक चाचणी-बिल्ड म्हणतात. लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करून व त्याचे भाग जोडून चालविण्याजोगी आज्ञावली तयार करणे म्हणजे बिल्ड होय.

अनेकांचे बदल वारंवार एकत्र आणून ते आपोआप तपासण्याच्या पद्धतीस ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. ती १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. क्रूझकंट्रोल (२००१) आणि हडसन (२००५, २०११ पासूनची त्याची प्रमुख शाखा जेन्किन्स) हे या कामाचे प्रसिद्ध सर्व्हर होत. तथापि या पद्धतीत चूक संग्रहात शिरल्यावरच उघडकीस येते आणि तोवर इतरांचे काम अडते. ही उणीव वैयक्तिक बिल्डने दूर होते.

कार्यपद्धती : बिल्डबॉट या प्रणालीत आज्ञा-ओळीवर ‘बिल्डबॉट ट्राय’ ही आज्ञा देतात. आज्ञावलीकाराची प्रत संग्रहातील कोणत्या आवृत्तीवर आधारलेली आहे हे ती प्रथम ठरविते. नंतर दोहोंतील फरक, म्हणजे पॅच, सर्व्हरकडे पाठविते. सर्व्हर त्याच आवृत्तीची कोरी प्रत घेऊन तीवर पॅच चढवितो आणि निवडलेल्या यंत्रांवर बांधणी व चाचण्या करवितो. सामाईक संग्रह अबाधित राहतो. गिट संग्रहात नव्याने निर्माण केलेली फाइल नोंदविली नसल्यास ती पॅचमध्ये येत नाही. त्यामुळे स्वतःच्या संगणकावर चालणारा बदल सर्व्हरवर अयशस्वी ठरू शकतो. गिटलॅबसारख्या प्रणालींत पॅचऐवजी स्वतःची शाखा ‘गिट पुश’ या आज्ञेने पाठवितात व तिच्यावरच चाचण्या होतात.

उपयोग : ज्या यंत्रावर प्रत्यक्ष प्रयोग करणे महागाचे असते, तेथे या पूर्वतपासणीचे महत्त्व विशेष आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सु. २५ किमी. परिसरात पसरल्या आहेत. मध्यवर्ती केंद्रातून संगणकाद्वारे त्यांचे नियंत्रण होते. निरीक्षणाचा वेळ जगभरच्या ज्योतिर्विदांना प्रस्तावांनुसार वाटून दिलेला असल्याने आज्ञावलीतील दोषापायी तो वाया जाणे परवडत नाही. ही दुर्बीण चालविणाऱ्या, पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ (एसकेए) या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व केले. अनेक देशांत लिहिल्या जाणाऱ्या एसकेएच्या आज्ञावलीसाठी गिटलॅब वापरतात. बदल वेगळ्या शाखेवर तपासून मगच मुख्य शाखेत घेतात व उपकरणांच्या जागी त्यांची संगणकीय प्रतिरूपे योजतात.

मर्यादा : बिल्ड यशस्वी झाले म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरली असे नव्हे, लिहिलेल्या चाचण्यांपुरतीच ती ग्वाही असते. दरम्यान मुख्य शाखा पुढे गेली असल्यास निकाल शिळा होतो व बिल्ड पुन्हा मागवावे लागते. शिवाय दुसऱ्या कोणी न वाचलेला मजकूर सर्व्हरवर चालविला जात असल्याने ही सुविधा विश्वासू व्यक्तींपुरती ठेवणे आणि परवल व गुप्त किल्ल्या अशा बिल्डपासून दूर राखणे आवश्यक असते.